बाहेरची कडी

बोरसे बाई पहिल्यांदा माझ्या घरी आल्या त्या झोपेत. लिंबायत वस्तीतली भर दुपार, आम्ही दोघी शिकवायचो ती सकाळची शाळा सुटलेली. शेजारच्या दारातून त्या सरळ आत आल्या, दोरीवरचे कपडे काढले, नीट घड्या घातल्या आणि एक अक्षर न बोलता परत गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत मी त्यांना हे सांगितलं, तर संकोच वगैरे काही नाही. "नींदमा बी मी कामच करस," खानदेशी ठसक्यात म्हणाल्या, "खून कराले येळ कोठे शे माले?"

खुनाचा विषय उगाच निघाला नव्हता. बाई रहस्यकादंबरी लिहीत होत्या. नायिका झोपेत चालते, तिच्या नवऱ्याचा खून होतो आणि सगळे तिच्याकडे बोट दाखवतात. खरा खुनी दीर. पूर्ण शुद्धीत, तिच्या झोपेआड लपलेला.

पुढे घरात नात आली, आणि झोपेत त्या बाळाला काही करतील या भीतीनं, बाई आडव्या झाल्या की सून त्यांच्या खोलीला बाहेरून कडी घालू लागली. दंगेखोर वर्गाला नुसत्या नजरेनं गप्प करणारी बाई स्वतःच्याच घरात कोंडलेली! माझं डोकं फिरायचं. बाई लिहीत राहिल्या.

एका प्रकाशकांना कादंबरी आवडली. फोनवर म्हणाले, फक्त शेवट बदला. खून तिनंच झोपेत केला आणि कोर्टानं तिला निर्दोष सोडलं, असं करा; वाचक हादरेल आणि रडेलही. मी म्हटलं, "बाई, करून टाका. पुस्तक तरी येईल."

"म्हणजे सुनेच्या हातात मीच पुरावा देऊ?" बाई कडाडल्या. "नको मला तसली सुटका!"

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून पेचकस मागून नेला. मीही मागोमाग गेले. एकेक स्क्रू काढून त्यांनी ती कडी दारावरून उतरवली. मुलगा धावत आला. "मम्मी, काही झालं तर जबाबदार कोण?"

बाईंनी कडी त्याच्या हातात ठेवली. "नींदमा काही व्हयनं तर कोर्ट माले सोडी दी. पन हाई कडी तुम्हीन जागं राहीसन लायी. तिना जबाबदार कोन शे?"

सुनेनं पोरीला उचललं, आपल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावून घेतली. "लाऊ दे," बाई म्हणाल्या, "ती तिनी खोली शे."

बाईंना जाऊन वर्ष झालं. कादंबरी छापली गेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पण शेवट त्यांनी लिहिला तोच आहे.