दर ओळीला कंट्रोल-एस

दोंडाईच्याच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याचा कॉम्प्युटर मी सांभाळतो. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. त्यामुळे ओळ लिहून झाली की कंट्रोल-एस दाबून जतन करायचं, ही हाताची जुनी सवय.

त्या दिवशी मालकांनी कापसाच्या वजनातून ओलाव्यापोटी कापायची घट दोन टक्क्यांवरून दीडवर आणायला सांगितली, रांगेतही तसं कळवलं. नव्या कॉम्प्युटरवर हा आकडा टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीतल्या एडिटरमध्येच बदलावा लागतो. मी दोन खोडला, दीड लिहिला, कंट्रोल-एस दाबलं. टर्मिनलचा पडदा गोठला. पुन्हा दीड लिहिला, पुन्हा लिहिला. काही उमटेना.

तेवढ्यात काट्यावरच्या माणसाने सोनगीरच्या एका आबांची पावती काढली, जुन्याच दोन टक्क्यांनी. आबा खिडकीशी आले.

“काय भाऊ, बठ्ठं पाणी मन्हाच कापूसमा शे का?”

सगळं पाणी त्यांच्याच कापसात का, हे ऐकून रांगेतले मागचे खो-खो हसले. माझ्या काट्यावर शंका!

कॉम्प्युटर बसवणाऱ्याला फोन लावला.

“काका, कीबोर्ड खराब असेल.”

बदलला. तेच.

“मग बंद करून चालू करा ना.”

“न बघता सांगायला तू लागतोस कशाला?” म्हणत फोन आपटला.

टर्मिनलची दुसरी खिडकी उघडली आणि एडिटर न उघडता तिथे नुसतंच कंट्रोल-एस दाबलं. तीही गोठली. म्हणजे दोष कीबोर्डचा नाही, एडिटरचाही नाही. टर्मिनलच ती कळ मध्ये पकडून पडदा थांबवत होतं. जतन करायचा हुकूम एडिटरपर्यंत पोचतच नव्हता. कंट्रोल-क्यूने पडदा सुटतो, हे मदतीच्या पानावर अगदी तळाशी लिहिलेलं. एवढी गोष्ट बसवताना सांगायला काय झालं होतं?

कंट्रोल-क्यू दाबून पडदा सोडला, तर 1.51.51.5. पडदा थांबला होता, टाइप केलेलं आत जातच होतं. हा आकडा न बघता जतन झाला असता तर?

आकडा नीट केला. टर्मिनलची ती खोड सेटिंगमध्ये एक ओळ घालून कायमची बंद केली. मग आबांची पावती फाडून दीड टक्क्याची नवी दिली. त्यांनी ती उन्हाकडे धरून दोनदा वाचली.

“आते बराबर शे,” म्हणाले, आणि तरी ट्रॉलीवर चढताना वळून काट्याकडे एकदा बघितलंच.

त्या बघण्याचा राग मला त्यांच्यावर नाही. तो फोनवाल्यावर आहे, आणि अजून उतरलेला नाही.