बायकोची पट्टी, माझे जोक

लग्नाच्या पंगतीत मी जोक सांगायचो आणि बायको मधूनच उठून पळायची. माझे जोक तिला झेपत नाहीत, असं मी गावभर मिरवायचो. खरं तर हसलं की तिला लघवी व्हायची. हे मला तिचं ऑपरेशन ठरलं तेव्हा कळलं.

लघवीच्या नळीला आधार द्यायला आत जाळीची पट्टी बसवली, त्याला दहा वर्षं झाली. परवा तळोद्याला तपासणीला गेलो. पट्टी सैल झाली असेल, अशी तिला धास्ती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “हसताना थेंब येतो का?”

“थांबा, आत्ताच बघू,” म्हणून मी माझा सगळ्यात भारी जोक सांगितला. बायको ढिम्म.

शेवटी बाईंनी तिला जोरात खोकायला लावलं. थेंबही नाही.

बायको सुटकेनं माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, “पट्टी टिकनी, बाई. यासना जोक मात्र टिकनात नही.”