बर्फवालीचा ब्रेक

बर्फवालीला "जाऊ दे" हा शब्द खपत नसे. लग्न जमलं नाही तेव्हा "जाऊ दे, घरी बस" म्हणणारे शहाणे पुष्कळ निघाले. ही बसली खरी, पण बापाच्या पिकअपमध्ये, स्टिअरिंगमागे. तेव्हापासून बंदरावरच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणि मासळीचे क्रेट बाजारात पोचवायचे, हा तिचा धंदा. बाप गेला, तिचे केस पिकले, गाडीचा मूळ रंग हिरवा होता की निळा हे सांगायला कुणी उरलं नाही. पण बर्फ उशिरा पोचल्याची तक्रार कुणी केली नाही. करायची छाती कुणाची होती?

आणि त्याच बर्फानं घात केला. लाद्यांचं पाणी, त्यात मासळीचं खारं पाणी, वर्षानुवर्षं फळ्यांच्या फटीतून खाली झिरपत होतं. सोमवारी सकाळी बाजाराच्या उतारावर तिनं ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिनं गिअर खाली टाकले, हँडब्रेक ओढला आणि कुणाच्या तरी बांधकामासाठी पडलेल्या वाळूच्या ढिगात गाडीचं नाक खुपसलं. लाद्या टपावरून पुढे येऊन रस्त्यावर फुटल्या. तिला खरचटलंसुद्धा नाही. गाडी थांबल्यावर मात्र ती बराच वेळ स्टिअरिंग घट्ट धरून आतच बसून राहिली. लोकांना वाटलं, रुबाब करतेय.

कुणीतरी दादाला सांगितलं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, हपिसातून निवृत्त झालेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून धावत आला. काच फुटलेली, वाळूत बर्फ पसरलेला, हे बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण दादाला भीती वाटली की तो भीती वाटली असं म्हणत नाही, हुकूम सोडतो, लहानपणापासूनची खोड.

"बस झालं!" तो सगळ्यांदेखत ओरडला. "घरची गाडी आहे, घरच्यांनीच भंगारात घालायची. बुधवारी संध्याकाळी माणूस येईल."

"घरची?" बर्फवाली म्हणाली. "बर्फ उचलताना तर घरचं कुणी दिसलं नाही मला. हात लावून दाखव तिला."

गाडी ओढत घरासमोर आणली. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री वाकून बघून गेला. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी तिला धरून ठेवणाऱ्या चिमटीखाली गंजून फुटली होती. जुन्या मॉडेलला चारी चाकांना ब्रेकचं तेल एकाच वाटेनं जातं, त्यामुळे एक नळी फुटली की चारी चाकं आंधळी. मिस्त्री म्हणाला, तयार नळ्या आता मिळत नाहीत, गंजलेला तुकडा कापून मधे जोड देतो, काम भागेल.

"आणि पुढच्या महिन्यात त्याच्या शेजारी फुटली की?" ती म्हणाली. "ठिगळ नको. सगळ्या नळ्या बदलायच्या. तुझं नळीचं तोंड फुलवायचं यंत्र दे, उद्या परत करते."

"तोंड फुलवायला तुम्हाला यंत्र कशाला लागतं, ताई?" मिस्त्री म्हणाला. पण दिलं. तिच्याशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं होतं?

मंगळवार जुन्या नळ्या सोडवण्यात गेला. गंजलेले नट सरळ फिरतील तर ते नट कसले. तिनं त्यांना तेल पाजलं, शिव्या घातल्या, पुन्हा तेल पाजलं. चिमट्या उघडल्या तेव्हा नळ्यांचे पापुद्रे हातात आले. एवढ्याशा पापुद्र्यांच्या भरवशावर आपण टनभर बर्फ उतारावरून आणत होतो, हे बघून ती घाबरली. मग त्या घाबरण्याचाच राग आला. दादा ओसरीत खुर्ची टाकून बसला होता, पेपर उलटसुलट करत. मदत नाही, पण उठूनही जात नाही.

बुधवारी सकाळी तिनं तांबटसर नळीचं वेटोळं उलगडलं. न गंजणारी नळी, मुद्दाम मागवलेली. जुनी नळी शेजारी ठेवून तिच्या वळणासारखं वळण दिलं, माप घेतलं, कापलं, कड घासली. मग दोन्ही टोकांना तोंड फुलवलं. हे नाजूक काम. आधी टोक फुगवायचं, मग तेच आत दुमडायचं. कुठे चीर राहिली की तेल तिथूनच गळणार. दुसरं तोंड असं देखणं झालं की तिनं ते उजेडात धरून दोनदा बघितलं. नळी उचलून खाली शिरणार, तेवढ्यात बॉनेटवर काहीतरी चमकलं. नट. नळीवर आधी ओवायचा असतो तो नट बॉनेटवर आरामात बसला होता, आणि फुललेल्या तोंडावरून तो आता जन्मात आत जाणार नव्हता.

पेपरामागून दादा खो-खो हसला.

"हसतोस काय रे?"

"बाबा काय म्हणायचे? आधी नट, मग तोंड. तुझं मेलीचं तोंड नेहमीच आधी."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण चूक समोर चमकत होती. तिनं ते देखणं तोंड कापून टाकलं. नळी बोटभर आखूड झाली, एक वळण सरळ करून ती कशीबशी पुरवली. दुसरी नळी हातात घेतली, तसा ओसरीतून आवाज आला, "नट घातलास का?" तिसरीला पुन्हा तेच. ती मान वर न करता नट ओवत राहिली. पण चौथीच्या वेळी आवाज यायला जरा उशीर झाला, तर आपण त्या आवाजाची वाट बघत थांबलोय, हे तिला स्वतःलाच कळलं.

नळ्या बसल्या. आता राहिलं नळ्यांत शिरलेली हवा काढणं, आणि तिथे एकट्या माणसाचं घोडं अडतं. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी निपल, म्हणजे बारीकशी तोटी, उघडून हवा सोडायची आणि निपल बंद होईपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत. तिनं आधी पेडलवर लाकडाचा ठोकळा अडकवून बघितला. ठोकळा निसटला. मग वहिनी पदर खोचून आली.

"सांगा वन्सं, काय दाबायचं?"

"मधलं. आणि मी सोडा म्हणेपर्यंत आभाळ कोसळलं तरी सोडू नका."

आभाळ कोसळलं नाही, कुकरची शिट्टी झाली. वहिनीचा पाय उचलला गेला आणि निपलला नळीनं जोडलेल्या बाटलीतलं तेल सुर्रकन हवेसकट आत गेलं.

"वहिनी!"

"अहो, तिसरी शिट्टी होती!"

बर्फवाली गाडीखाली पाठीवर पडून राहिली. डोळ्यांत तेल गेलं होतं की काय कोण जाणे, पण डोळे पुसावे लागले. दुपार टळली होती. भंगारवाला यायचा होता. गाडी गेली तर उद्यापासून ती त्या घरात फक्त दादाची बहीण राहणार होती, खुर्ची सरकवून जिला जागा करून देतात ती. तिला ते मरणाहून वाईट वाटत होतं.

वर दार आपटलं. सीट करकरली.

"ऊठ गं तू, कुकर बघ," दादाचा आवाज आला. सीट पुन्हा करकरली. मग, "बोल."

तिनं पाना पुन्हा निपलवर चढवला. लहानपणी हेच चालायचं. दादाला तेलाची घाण नको, म्हणून तो वर. ती बाबांसोबत खाली. बाबांचा एक नियम होता. वरच्यानं नुसतं "दाबलं" म्हणून भागत नाही. पाय पेडलवर आहे तोवर "आहे, आहे, आहे" म्हणत राहायचं, म्हणजे खालच्याला न बघता कळतं की वर कुणीतरी आहे.

"दाब," ती म्हणाली.

"आहे... आहे... आहे..."

हपिसात साहेबांपुढे काढायचा तसला बारीक आवाज नव्हता तो. बुडबुडे आले, तेल आलं, पुन्हा बुडबुडे आले. लांबच्या चाकापासून जवळच्या चाकापर्यंत ती सरकत गेली आणि तो बोलत राहिला. शेवटी नुसतं स्वच्छ तेल आलं. तिनं प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघितला. एकही ओला झाला नाही. मग घरासमोरच्या सपाट गल्लीत गाडी पुढेमागे करून दहा वेळा थांबवली.

भंगारवाल्याचा ट्रक गल्लीत शिरेना, म्हणून तो उताराच्या पायथ्याशी, वाळूच्या ढिगापाशी उभा राहिला आणि त्यानं निरोप धाडला. बर्फवालीनं जुन्या नळ्यांची मोळी मागे टाकली आणि गाडी सुरू केली. दादानं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसला.

"उतर. तू घाबरशील."

"घाबरलोच आहे," दादा म्हणाला. "सोमवारपासून घाबरलोय. चल."

उतारावर लोक बाजूला झाले. खाली भंगारवाला दोर घेऊन हसतमुखानं उभा होता. त्याला वाटलं, माल स्वतःहून चालत येतोय. मग माल जोरात यायला लागला तसं त्याचं हसू आटलं. दादानं दोन्ही पाय समोर रोवले होते, जणू ब्रेक त्याच्याकडेही होता. बर्फवालीनं पेडल दाबलं. ते मधेच, पायाखाली टणक उभं राहिलं.

"आहे," दादा डोळे मिटून म्हणत होता, "आहे, आहे, आहे..."

गाडी दोराच्या हातभर अलीकडे थांबली. भंगारवाल्यानं खिडकीतून दादाला विचारलं, "साहेब, मग घरची गाडी द्यायची ना?"

"गाडी तिची आहे," दादा म्हणाला. "तिला विचार."

बर्फवालीनं खाली उतरून गंजक्या नळ्यांची मोळी त्याच्या हातात कोंबली. "हे न्या," ती म्हणाली. "आणि ट्रक बाजूला घ्या, मला बर्फ आणायला जायचंय."