एकदाच विचारतात

माझ्या मैत्रिणीला व्हिएन्नाला जायचं होतं, आणि तिला कोणी बोलावलं नव्हतं. निदान ती तसं म्हणत होती. तिचा एकुलता एक मुलगा तिथे नोकरीला, सून तिथलीच, आणि पुढच्या महिन्यात त्यांना बाळ होणार. नवरा गेल्यापासून ही न्यू जर्सीत आयसेलिनजवळच्या घरात एकटी. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून डिंक, खारीक, सुकं खोबरं आणून ठेवलेलं, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवलेली, आणि बोलावणं नाही. फोनवर विषय काढला की म्हणायची, त्यांचं ते बघतील, आपण कशाला मध्ये पडायचं. हे ती अशा आवाजात म्हणायची की मीच विषय बदलायचे.

एका शनिवारी सकाळी ती माझ्याकडे जर्सी सिटीला आली. बसल्या बसल्या म्हणाली, तू राहिलीस ना तिथे, सांग ना जरा, कसं असतं. नवऱ्याच्या कंपनीच्या कामासाठी आम्ही जवळजवळ वर्षभर व्हिएन्नाला होतो, आणि परत आल्यापासून मी आमच्या सगळ्या गोतावळ्याची फुकटची टूर गाइड झाले आहे. कोणी आठ दिवस जाणार असलं तरी मला फोन. मला ते आवडतंही, खोटं कशाला बोलू? पण जिला जायचंच नाही तिला टिप्स कशाला, हे मला कळेना. विचारलं तर म्हणाली, "सहज गं. मी काय लगेच जाऊन राहिले का? माहीत असलेलं बरं." पंचेचाळीस वर्षं झाली अमेरिकेत येऊन, पण तिचं नागपूर काही सुटलं नाही.

मी चहा टाकला आणि सुरू झाले. म्हटलं, पहिली गोष्ट, दुकानात शिरताना, डॉक्टरकडे बसताना, लिफ्टमध्ये घुसताना आधी नमस्कार करायचा. त्यांच्या भाषेत जमला तर उत्तम, नाहीतर नुसतं 'हॅलो' म्हणायचं, पण मुकाट्याने शिरायचं नाही. मी पहिले पंधरा दिवस बेकरीत जाऊन सरळ पावाकडे बोट दाखवायचे आणि ती बाई माझ्याकडे अशी बघायची, जसं काही मी तिच्या घरात चपला घालून आले आहे. रविवारी सगळं बंद, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच भरून ठेवायची. रस्त्यावर एकही गाडी नसली तरी लाल दिव्याला उभं राहायचं, विशेषतः शेजारी लहान मूल असलं तर. मी एकदा घाईत गेले, तर मागून एका आजोबांनी मला जर्मनमध्ये जे झापलं, ते एक अक्षर न कळूनही मला पूर्ण कळलं. नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं, डोंगरातून येतं. आणि कॉफी हाउसमध्ये एक कॉफी घेऊन सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत बसलं तरी कोणी उठवत नाही. बिलसुद्धा आपण मागितल्याशिवाय आणत नाहीत.

ती कान देऊन ऐकत होती. मध्येच विचारायची, ट्राममध्ये चढताना पायरी उंच आहे का, हॉस्पिटलं घरापासून लांब असतात का, तिथे अळीव मिळतील का. हे काही सहज विचारणं नव्हे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. शेवटी मी कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, की सुनेनं एकदाही तुला ये म्हटलं नाही?

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग म्हणाली, म्हटलं होतं एकदा. तीन महिन्यांपूर्वी, व्हिडिओ कॉलवर. बाळ होईल तेव्हा तुम्हाला यायला आवडेल का, असं विचारलं होतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, नो नो बेटा, माझी काळजी नको करू, तू आराम कर."

मी कपाळावर हात मारून घेतला. तिचं म्हणणं, पहिल्यांदा विचारल्यावर लगेच हो कसं म्हणायचं? हावरटासारखं दिसतं ते. पुन्हा विचारलं असतं तर 'हो' म्हणालेच असते ना. पण सुनेनं परत विषयच काढला नाही, म्हणजे नुसतं तोंडदेखलं विचारलं होतं. आणि मुलगा? तो शेजारीच बसला होता. तो म्हणाला, ओके आई. मला त्या मुलाचा असा राग आला! ज्या घरात पुरीला नको म्हणून पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून पुरी वाढतात, त्या घरात वाढलेला हा गडी, आणि आईचं 'नको' त्याला कळू नये? पण त्याला तरी काय बोलणार. इथल्या शाळेत वाढलेली मुलं ही. आमचीही तशीच आहेत. नको म्हटलं की नको.

तेव्हा मी तिला व्हिएन्नातल्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी आमच्या गोतावळ्यात कोणालाच सांगत नाही, कारण सांगितली तर नवरा तिला तिखटमीठ लावेल आणि सगळे मला हसतील. तर झालं असं, की एका रविवारी मी कुकर लावला आणि शिट्ट्यांचा आवाज ऐकून खालच्या आजी घाबरून वर आल्या, काही फुटलं की काय म्हणून. निवृत्त शिक्षिका होत्या, इंग्रजी बरं बोलायच्या. ओळख झाली. त्यांनी आम्हाला पुढच्या रविवारी दुपारी कॉफीला बोलावलं. त्या दिवशी सकाळपासून जिन्यात जर्दाळूच्या केकचा वास दरवळत होता. आम्ही दोघं मुद्दाम जेवलोच नाही, पोटात जागा हवी म्हणून.

गेलो, बसलो. आजींनी केक आणला, सुरी हातात घेतली आणि विचारलं, देऊ का? मी आपली सवयीनं म्हणाले, नको नको, कशाला उगीच त्रास, आत्ताच जेवलो. नवराही मान हलवून मोकळा. त्या म्हणाल्या, बरं. आणि केक उचलून आत नेऊन ठेवला.

मला वाटलं, बशा आणायला गेल्या. त्या हात हलवत परत आल्या. तासभर आम्ही तिघं नुसती काळी कॉफी पीत हवापाण्यावर बोललो. पोटात कावळे ओरडत होते आणि नवरा माझ्याकडे असा बघत होता की विचारू नका. वर येऊन आम्ही पाव आणि लोणचं खाल्लं. मी तणतणत होते. काय चिकट बाई आहे, एवढा केक करून एक तुकडा दिला नाही, आमच्याकडे असं केलं असतं तर गावभर झालं असतं, वगैरे वगैरे.

ही गोष्ट ऐकून मैत्रीण पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी म्हटलं, थांब, पुढचं ऐक. महिन्याभराने आजी आणि मी जिन्यात भेटलो. त्यांनी बिचकत बिचकत मला विचारलं, की तुमच्या धर्मात परक्याच्या घरचं खाल्लेलं चालत नाही का. मी म्हटलं, छे, असं कसं? त्या म्हणाल्या, मग माझा केक का नाही खाल्ला? मी पहाटे उठून केला होता. तुम्ही खात नव्हता म्हणून मीही नाही खाल्ला. महिनाभर मी त्यांना चिकट म्हणत होते आणि त्या महिनाभर मनाला लावून घेऊन बसल्या होत्या. तिथे एकदाच विचारतात गं, मी मैत्रिणीला म्हटलं. मनापासून विचारतात, पण एकदाच. समोरच्यानं नको म्हटल्यावर पुन्हा पुन्हा मागे लागणं त्यांना असभ्यपणाचं वाटतं.

तिचं हसू थांबलं. तिनं टेबलावरचा रुमाल उलगडला आणि परत घडी घातली. मग म्हणाली, "म्हणजे तिनं खरंच विचारलं होतं?"

"खरंच विचारलं होतं. आणि तू नाही म्हणालीस."

तिचा चेहरा एकदम पडला. आपल्याला नाकारलं म्हणून तीन महिने रडत होती बिचारी, आणि आता तिला सुनेचा चेहरा आठवला. तेव्हा ती पोरगी गप्प झाली होती गं, मैत्रीण म्हणाली, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग घाईघाईनं पर्स शोधायला लागली, मुलाला फोन करते म्हणून. मी तिचा हात धरला. म्हटलं, मुलाला नाही. जिनं विचारलं तिला कर, आणि आत्ता इथून माझ्यासमोर कर, घरी जाऊन तुझा धीर सुटेल. तिनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला, मलाही ऐकू यावं म्हणून.

सुनेनं लगेच उचलला. तिकडे दुपार होती, मुलगा बाहेर गेलेला, ही एकटीच. आधी दोघींचं तब्येतीचं आणि हवेचं झालं. मैत्रीण काही मुद्द्यावर येईना. आराम करतेस ना, पाय सुजतात का, गरम पाण्यात ठेव. मी टेबलाखालून तिला पाय मारला. तेव्हा ती तुटक इंग्रजीत म्हणाली, की त्या दिवशी तू मला यायचं विचारलं होतंस. मी नको म्हणाले, ते खरं नव्हतं. आमच्यात आधी नको म्हणतात. मला यायचं होतं. पहिल्या दिवसापासून यायचं होतं.

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत इतकी भीती होती की मी माझी खुर्ची तिच्याजवळ सरकवली. मी मनात म्हटलं, देवा, आता हिला खरंच 'नको' ऐकायला लावू नकोस.

मग सून हळूच बोलली. ती म्हणाली, की मला वाटलं, तुम्हाला माझ्याजवळ राहायचं नाही. मी तुमच्यातली नाही म्हणून. आणि एकदम तिला रडू फुटलं. "बाळ झाल्यावर नका येऊ," ती म्हणाली. "आधीच या. मी दिवसा घरी एकटी असते आणि मला फार भीती वाटते."

जन्मभर ही बाई कोणाच्या घरी चहासुद्धा तिसऱ्या आग्रहाशिवाय प्यायली नाही. मला वाटलं, आता म्हणेल, बघते, तिकिटाचं बघते, तुम्हाला अडचण तर नाही ना होणार. पण ती खुर्चीवरून उठून उभी राहिली, फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला, आणि तिचं सगळं इंग्रजी संपलं.

"येते," ती मराठीत म्हणाली. "येते हं बाळा. घाबरू नको. मी आहे ना."

त्या मुलीला मराठी येत नाही. ती फोनवर रडत होती, आणि रडता रडता तिच्या भाषेत हो, हो म्हणत होती.