एक नंबरचा मान

आमच्या दीपमालेला लोक 'कंप्युटरवाली ताई' म्हणतात, आणि मला त्याचाही राग येतो. कंप्युटर काय, कुणीही चालवतं. तिचं खरं काम आधी कागदावर होतं. मुकुटबनला एका कृषी केंद्राच्या माडीवर आमच्या छोट्याशा इंटरनेट कंपनीचं ऑफिस आहे, तिथे तिची एक मोठी चौकटीची वही आहे. टॉवरवरून आसपासच्या गावांत हवेतून इंटरनेट जातं. घराघराच्या छपरावर मी एक पांढरी डबी बसवतो, आणि त्या प्रत्येक डबीला दीपमाला एक नंबर देते. त्यालाच आयपी अॅड्रेस म्हणतात. एकाचा नंबर दुसऱ्याला गेला की दोघांचंही बंद, म्हणून ती आधी वहीत आखते आणि मगच कंप्युटरवर चढवते. एक नंबर टॉवरवरच्या यंत्राचा. सगळ्या घरांचं येणं-जाणं त्याच्यातून. दोन ते दहा आमच्या सामानाला. अकरापासून पुढे घरं, ज्या क्रमाने जोडणी झाली त्या क्रमाने. आणि मध्ये मध्ये कोऱ्या चौकटी.

"ह्या रिकाम्या काहून सोडल्या?" आमचे मालक रवीभाऊ यांनी एकदा विचारलं.

"जे अजून आले नाहीत ना, त्यायच्यासाठी."

ही अक्कल तिला कॉलेजने दिलेली नाही. शिकली ती यवतमाळच्या पॉलिटेक्निकात, पण वाढली गावाच्या टोकाच्या बौद्धपुऱ्यात. तिथे नळाचं पाणी सगळ्यात शेवटी पोचायचं, आणि बरेचदा पोचायचंच नाही. पाइप टाकणाऱ्याने शेवटची घरं मोजलीच नव्हती. तिची आई कांताबाई अंगणवाडीचं काम सांभाळून गुंडभर पाण्यासाठी तासन् तास ताटकळायची. दीपमाला हे हसत सांगते. मला ऐकताना हसू येत नाही.

टेकडीपलीकडच्या तांड्यासाठी तिने नंबरांचा वेगळा गठ्ठा आखला होता, म्हणजे गावात काही बिघडलं तरी तांडा चालू राहील. त्याला तांड्याच्या खांबावर एक जास्तीचं यंत्र लागणार होतं. "नऊ घरायसाठी?" म्हणत रवीभाऊंनी ते उडवून लावलं आणि तांडा गावाच्याच गठ्ठ्यात कोंबला.

त्या नऊ घरांत एक घर लालसिंगचं. त्याची मुलगी पुष्पा बारावी झालेली. एका कंपनीच्या मदत क्रमांकावर येणारे फोन घरी बसून घ्यायचं काम तिला मिळालं होतं. कानाला हेडफोन लावून ती असं साफ बोलायची की तिची आई बसंतीबाई शेजारणींना दारात उभं करून ऐकवायची. पण अट कडक होती. पहिल्या महिन्यात तीनदा लाइन तुटली की काम संपलं. दोनदा तुटून झाली होती, एकदा विजेने आणि एकदा उंदराने वायर कुरतडली म्हणून. दीपमाला स्वतः तांड्यावर जाऊन सांगून आली, "तिसऱ्यांदा नाही तुटणार. मी पाहातो."

आता सभापती. पंचायत समितीचं पद जाऊन दहा वर्षं झाली, तरी लोक त्यांना सभापतीच म्हणतात आणि ते ओ देतात. टॉवर त्यांच्या वावरात आहे. त्यांचा भाचा एक दिवस ऑफिसात आला, वही उघडी दिसली, आणि त्यात मामाचं नाव सदतीस नंबरावर पाहून त्याचं माथं फिरलं.

"मामा सदतीसवर? अन् तो पंक्चरवाला अकरावर?"

आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली पहिली बैलजोडी कुणाची यावरून डोकी फुटतात. तेव्हा मागणी काय आली असेल? मामाला एक नंबर पाहिजे!

दीपमालेने तीनदा समजावलं. "भाऊ, एक नंबर कोण्या माणसाचा नसते. तो टॉवरचा हाय. तो कोणाले देला तर साऱ्या गावाचं बंद पडते."

"देऊन टाक ना बाई," रवीभाऊ म्हणाले. "वावर त्यायचं हाय."

तिने नुसतं पेनाचं टोपण लावलं. आवाज चढवत नाही ती. टोपण खटकन बसलं की समजायचं, नाही म्हणजे नाही.

मी समजलो नाही. चार दिवसांनी भाच्याने मला चहाच्या टपरीवर गाठलं, मामाच्या डबीचा नंबर बदलायचा पासवर्ड मागितला, आणि मी तो दिला. का दिला? कुणी मला धमकावलं नव्हतं, पैसेही दिले नव्हते. सभापतींच्या घरचा माणूस मागतोय म्हटल्यावर माझी जीभ आपोआप चालली, एवढंच. लाज वाटते, पण खरं ते हेच.

मंगळवारी सकाळी अकराला फोन सुरू झाले. गाव बंद, तांडा बंद. दीपमालेने पाहिलं तर एक नंबरला दोन दोन जण ओ देत होते, एक टॉवर आणि एक सभापतींचं घर. तिने ऑफिसातूनच त्यांच्या डबीची जोडणी तोडली, सगळं परत सुरळीत केलं. चाळीस मिनिटं गेली होती. तेवढ्यात पुष्पाला कंपनीचा संदेश आला होता, उद्यापासून काम बंद. तेविसावा दिवस होता तो.

आणि रवीभाऊ काय म्हणाले असतील? "सभापतींची लाइन तू तोडली. जाय, माफी मांगून ये." त्रेचाळीस घरं बंद पाडणाऱ्याची माफी! मला वाटलं आता टोपण वाजेल. ते वाजलं नाही. ती उठली, मला म्हणाली, "गाडी काढ," आणि आम्ही सभापतींचं घर मागे टाकून तांड्यावर गेलो. तिथे पुष्पाला म्हणाली, "चाल माह्यासंगं."

सभापती ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते, भाचा शेजारी उभा. आम्हा तिघांना पाहून मोठ्या मनाने म्हणाले, "ये वो बाई. माफी मांगायले आली ना? जाऊ दे, झालं गेलं."

"मांगायले नाही," दीपमाला म्हणाली. "घ्यायले आली. तुमच्या भाच्यानं एक नंबर लावला, त्याच्यानं हिचं काम गेलं."

सभापतींनी पुष्पाकडे पाहिलं. मग भाच्याकडे. मग खरोखरच नवल वाटून विचारलं, "तांड्यात इंटरनेट हाय?"

त्यांच्याच वावरातल्या टॉवरवरून दोन वर्षं जातंय! माणूस खोटं बोलत असता तर मी भांडलो असतो. तो खरं विचारत होता. पुष्पाचा हात धरून दीपमाला अंगणातून बाहेर पडली.

फाटकाबाहेर माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "पुष्पा, पासवर्ड मी देला होता. मले माफ कर."

दीपमालेने माझ्याकडे असं पाहिलं की गाडीची किल्ली माझ्या हातून खाली पडली. पुष्पा मात्र शांत होती. तिने किल्ली उचलून माझ्या हातात दिली.

"त्यानं एकदा मांगलं अन् तुम्ही देऊन देलं," ती म्हणाली. "मी महिनाभरापासून तुमाले फोन करून राह्यली, का दादा, आमची डबी हालते, एक डाव येऊन पक्की करून द्या. तुम्ही आले काय?"

मी गेलो नव्हतो. ती टेकडीच्या रस्त्याने पायीच चालू लागली, आणि दीपमाला माझी गाडी सोडून तिच्यासोबत गेली.