एक शीट बाकी

मी एका मुलीला ‘शाळेतली हजेरी ऐच्छिक असावी’ असं भाषण लिहून दिलं. ती तालुक्यात पहिली आली आणि पुढच्या सोमवारपासून शाळेतच आली नाही.

माझ्या आजवरच्या नोकरीत एवढं परिणामकारक अध्यापन दुसरं नाही. एरवी मी फळ्यावर लिहिलेलं मुलं वहीतसुद्धा उतरवून घेत नाहीत. इथे एका अख्ख्या घराने माझा शब्द न् शब्द आचरणात आणला. ती मुलगी, आठवीतली सानिका, पुन्हा शाळेत आली ती आमच्या एसटीच्या कंडक्टरमुळे. म्हणून हे त्यांच्याबद्दल. मधे मधे मी येईन, पण ते नाइलाजाने.

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. शाळेतल्या मास्तरला हल्ली सर म्हणतात, पण माझे कान अजून जुन्या वळणाचे. गाडीत कुणी “ओ मास्तर!” अशी हाक मारली की मी चेहऱ्यावर ज्ञान आणून मागे वळायचो. मग हाक मारणारी बाई म्हणायची, “तुमी नाय वो. तिकीटवाले.” हे आठवड्यातून तीनदा तरी व्हायचं. मास्तर हसायचे नाहीत. मशीनमधून तिकीट काढत म्हणायचे, “वळू दे गो त्यांना. मानेला व्यायाम होतो.”

मास्तर महाडकडल्या तुडीलचे. अंगाने किरकोळ, आवाज मात्र घाटातल्या हॉर्नसारखा. पोलादपूरच्या वर डोंगरात आमचं गाव आहे. गाडी संध्याकाळी वरच्या वाडीत मुक्कामाला येते, सकाळी तिथून सुटते, दुसरा थांबा खालची वाडी, म्हणजे माझं घर. मग पाच-सहा वाड्या घेत ती आमच्या हायस्कुलावरून पोलादपूर आणि महाडला जाते. तिकिटाचं मशीन येऊन जमाना झाला, तरी मास्तरांच्या खिशात जुना चिमटा असायचा, पूर्वी तिकिटाला भोक पाडायचे तो. प्रत्येक थांब्यावर तो चिमटा दांड्यावर टकटक वाजवायचा आणि दप्तरं मोजायची, ही त्यांची हजेरी. “साकवाची चार. आंब्याखालची दोन. टाकीजवळची दोनच? एक शीट बाकी.” आणि शीट बाकी असेल तर डबल बेल नाही. ड्रायव्हरने कितीही ॲक्सिलेटर दाबून नाराजी कळवली तरी नाही. दोन मिनिटांनी बाकी शीट अर्धी भाकरी तोंडात धरून पळत यायचं, मग दोरी ओढली जायची.

पोरं बनेल होती. हायस्कुलाच्या अलीकडे नदीला एक छान डोह आहे, तिथे उतरून पोहायचं आणि परतीच्या गाडीने घरी जायचं, हा त्यांचा जुना अभ्यासक्रम. मास्तर दारात आडवे उभे राहायचे. “पास कशाचा हाय रे? शाळेचा. डोहाचा नाय. बस खाली.”

एकदा मीच सापडलो. मुख्याध्यापकांना “पोट बिघडलंय” असं कळवून मी महाडला मोबाईल बदलायला निघालो होतो. तिकीट मागितलं तर मास्तर म्हणाले, “देतो, फुडं.” हायस्कूल आलं, सिंगल बेल झाली, मुलं उतरली. मास्तर माझ्यापाशी येऊन सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, “सर, शाळा आली.” मी हळूच म्हटलं, “मास्तर, मला बरं नाहीये.” ते म्हणाले, “मंग उतरा, बसून रावा. तुमच्या शाळेत बसायचंच काम हाय ना?” मी उतरलो. पोट खरोखर बिघडलं ते त्यानंतर.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. मुक्कामाला ड्रायव्हर देवळाच्या सभामंडपात झोपायचा, मास्तर गाडीतच, मागच्या लांब बाकावर. थंडीत काचा खडखडायच्या. सहाव्या वर्षी एकदा मला सुचलं आणि मी विचारलं, “मास्तर, तुम्ही देवळात का नाही झोपत? कुणी बंदी केलीय का?” मास्तर चिमट्याने नख कोरत होते. म्हणाले, “बंदी कशाला करतील? पयल्या दिवशी तुमच्या गावाने सांगितलं, ड्रायव्हरसाठी चटई टाकलीय, तुमचं तुमी बगा, तुमची मर्जी. म्हंजे ऐच्छिक हाय.” तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्यांनी “जयभीम” म्हणून घरच्यांशी बोलणं सुरू केलं आणि मी विषय बदलायची संधी साधली. माझ्याच गावाची गोष्ट, पण सहा वर्षं माझ्या हजेरीपटावर नव्हती.

इतकं ऐकूनही मी ते भाषण लिहिलं! वादविवादाचा विषय वरून आला होता: शाळेतली हजेरी सक्तीची की ऐच्छिक. दोन्ही बाजूंची भाषणं मराठीच्या सरांनी, म्हणजे मीच, लिहायची. सक्तीची बाजू मी परिपत्रकासारखी उरकली. ऐच्छिक बाजू मात्र झरझर उतरली, कारण शाळेत जायचा कंटाळा हा माझा स्वतःचा अनुभवाचा विषय. “कळीला फुलायची सक्ती करता येते काय? शाळा म्हणजे पिंजरा नव्हे, ते आभाळ आहे, आणि आभाळात कुणी ढकलून नेत नसतं!” सानिकाने ‘आभाळ’ म्हणताना असा हात उंचावला की परीक्षकांनी वर पाहिलं. व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरला. मी तो स्वतःच चारदा पाठवला.

सानिकाचा बाप मुंबईला हॉटेलात भटारखान्यात कामाला. आई नाही. घरात काका, काकी आणि काकीचं तीन महिन्यांचं बाळ. काकी शेतावर जायची, बाळ सांभाळायला कुणी तरी हवं होतं. सोमवारी सानिका आली नाही, मंगळवारी नाही, गुरुवारी मी वरच्या वाडीत त्यांच्या घरी गेलो. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा वगैरे घोकून गेलो होतो. काकाने चहा दिला आणि मोबाईल काढला. मोबाईलमधून सानिका म्हणाली, “बळजबरीने भरलेला वर्ग हा वर्ग नव्हे, तो कोंडवाडा आहे!”

“ह्ये कुनी लिवलंय सर?” काकाने विचारलं.

“मी.”

“मंग?”

मी चहा संपवला. फार चांगला झाला होता. दारात सानिका बाळाला खांद्यावर थोपटत उभी होती. मी बाहेर पडताना ती हळूच म्हणाली, “सर, ते दुसऱ्या बाजूचं भाषन तुमच्याकडं हाय का? काकाला वाचून दाखवलं असतं.”

माझ्याकडे प्रत नव्हती. असती तरी द्यायची लाज वाटली असती, इतकं ते भाषण रद्दी होतं.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “ऐच्छिक म्हंजे कुनाच्या इच्छेवर, सर? पोरीच्या का काकाच्या?”

“भाषणात तसं स्पष्ट केलेलं नाही.”

“मंग पयला नंबर कसा आला?” मग म्हणाले, “सोमवारी वरून बसा.”

सोमवारी मी वरच्या वाडीपर्यंत चढून गेलो. गाडी भरलेली. दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, बाजाराला निघालेले, आणि पुढच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून सानिकाचा काका. त्याला महाडला दाखला काढायचा होता. सुटायची वेळ झाली. मास्तरांनी चिमटा दांड्यावर वाजवला. टकटक. “एक शीट बाकी.”

पाच मिनिटं गेली. काका म्हणाला, “मास्तर, चला की. कुनाची वाट बगताय?”

“तुमच्या पुतनीची.”

“ती नाय येत आता. तिची शाळा ऐच्छिक हाय. तालुक्यात पास झालंय त्ये.” आणि त्याने माझ्याकडे साक्षीदाराकडे पाहावं तसं पाहिलं. मी खिडकीतून निसर्ग पाहू लागलो.

“बरोबर हाय,” मास्तर म्हणाले आणि दोरी सोडून हाताची घडी घातली. “माझी बेलपन ऐच्छिक हाय.”

“गाडी सरकारी हाय मास्तर!”

“शाळा कुनाची हाय मंग?”

सात मिनिटं झाली तशी गाडीला कंठ फुटला. आधी सगळे मास्तरांवर ओरडले. मग कोण अडलंय, का अडलंय, हे मागच्या बाकापर्यंत पोचलं आणि ओरडणाऱ्यांनी तोंडं फिरवली. एक म्हातारी पुढे सरकत म्हणाली, “अरे ए, माझा डाक्टर जाईल ना उठून! तुझंच पोर हाय ना? मंग तू धर! शर्टाला मुतंल म्हनून भितोस काय?” सगळी गाडी हसली. काका बसून राहिला, घामाघूम झाला, आणि शेवटी उतरला. थोड्या वेळाने सानिका दप्तर घेऊन धावत आली. तिच्या मागे अंगणात काका उभा होता, इस्त्रीच्या शर्टावर बाळ घेऊन. मास्तर म्हणाले, “साकवाशी थांबनारी मंडळी खोळंबलीत, चला.” डबल बेल.

सानिका त्यानंतर रोज आली. काका दाखल्याला बुधवारी गेला, काकीला घरी थांबवून. पण तक्रार त्याने सोमवारीच फोनवरून केली होती: गाडी बारा मिनिटं अडवली. एसटीच्या कार्यालयाने मास्तरांना खुलासा द्यायला बोलावलं.

आता हा माणूस आपल्या भाषणाचं निस्तरतोय, म्हटल्यावर मी गप्प कसा बसणार? मी कार्यालयाला दोन पानी प्रशस्तिपत्र लिहिलं. मनापासून लिहिलं. “हे कर्तव्यदक्ष वाहक गेली सहा वर्षे विद्यार्थ्यांसाठी दररोज थांब्याथांब्यावर गाडी रोखून धरत आले आहेत...” कार्यालयाकडे एका दिवसाच्या बारा मिनिटांची तक्रार होती. मी सहा वर्षांचा पुरावा पुरवला, सहीशिक्क्यासह.

मास्तरांना लांबच्या फेरीवर टाकलं. शेवटच्या दिवशी मी माफी मागायला गेलो. ते म्हणाले, “जाऊ द्या सर. अक्षर चांगलं होतं, सायेब म्हनाले.” हायस्कुलाशी मुलं उतरली तेव्हा त्यांनी खिशातून चिमटा काढला. आठवण म्हणून मला देतायत असं वाटून मी हात पुढे केला. त्यांनी तो माझ्या हातावरून पलीकडे सानिकाला दिला. “भोक पडत नाय आता याने. वाजतो मात्र.”

नवा कंडक्टर तरुण आहे, घड्याळ बघून बेल देतो. म्हणजे, देत होता. परवा मला उठायला उशीर झाला. एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत मी खालच्या वाडीच्या थांब्याकडे पळत होतो. गाडी सुटणार इतक्यात आतून दांड्यावर टकटक ऐकू आली.

“आता कोण राहिलं?” कंडक्टर वैतागून म्हणाला.

खिडकीतून सानिकाचा आवाज आला, अगदी घाटातल्या हॉर्नसारखा.

“एक शीट बाकी हाय. ऐच्छिकवाले सर. त्यांना रोज सक्ती करायला लागते.”