लॉर्डसाहेबांची आखणी

गणपतीचे डोळे काढण्याला आमच्या हमरापुरात आखणी म्हणतात, आणि एका कारखान्यात ती एकच माणूस करतो. आमच्याकडे आधी वडील करायचे, मग दादा. खिडकीजवळ आखणीचा पाट आहे, त्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. मी सासरी असते रोह्याजवळ वरसे गावात, नवरा नागोठण्याला कंपनीत शिफ्टवर. पण सीझन आला की चार महिने माझा मुक्काम माहेरच्या कारखान्यात. मूर्ती घासायची, सोवळं रंगवायचं, दागिने काढायचे. डोळे मात्र दादाचे. मुलगी लग्न होऊन जाणार, तिला शिकवून काय उपयोग, असं वडिलांचं म्हणणं. मी बघूनबघून शिकले. तडा गेलेल्या मूर्ती बाजूला ठेवत, त्यांवर मी हात चालवून घेत असे. खोटं कशाला बोलू, माझा हात दादापेक्षा हलका आहे. दादाला ते माहीत आहे, म्हणून तर तो ते कधी बोलून दाखवत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्हाला इंग्लंडहून एक ऑर्डर आली. तिकडच्या एका बाईंनी पेणच्या कुणा ओळखीच्यांकडे आमचा गणपती पाहिला होता. त्यांचे वडील लॉर्ड. पिढीजात सरदार, वरच्या सभागृहात बसणारे, दोनदा मंत्री झालेले. ते वारले होते आणि बाईंना त्यांचा शाडूचा पुतळा हवा होता, छातीपर्यंतचा. माझी भाची, दादाची मुलगी, त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर इंग्रजीत बोलायची आणि आम्हाला मराठीत सांगायची. वाडा, जमीन आणि लॉर्डपण सगळं थोरल्या भावाला गेलं. मुलीच्या वाट्याला आले ते फोटो. ते ऐकून मी दादाकडे बघितलं. दादा रंग ढवळत होता.

फोटो पन्नासेक आले. लाल झग्यातले लॉर्डसाहेब, घोड्यावरचे लॉर्डसाहेब, माइकपुढे बोट वर केलेले लॉर्डसाहेब. हिरवळीवर बायको आणि दोन मुलं बसलेली, हे मागे उभे, नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून पार पलीकडे. जणू तिकडे सभाच भरलीय. एकाच फोटोत माणूस खाली बघत होता, पायाशी बसलेल्या कुत्र्याकडे. बाई हसत म्हणाल्या होत्या, "घरात आम्ही सगळे त्या कुत्र्यावर जळायचो." भाचीला हसू आलं. मला नाही आलं.

दादाने पुतळा घडवला झकास. नाक, जबडा, गळ्याची सैल कातडी, सगळं हुबेहूब. पण तेवढ्यात मोठ्या मूर्तींच्या आखणीची घाई सुरू झाली, आणि तो मला म्हणाला, "हे डोळे तू काढ गो. देव थोडाच हाय, माणूसच हाय."

अपमान होता की मान, ते ठरवत बसले नाही. ब्रश घेतला.

आणि चुकले. आमच्याकडे गणपती मखरात उंचावर बसतो, घरची माणसं त्याच्यापुढे खाली बसतात. म्हणून डोळे असे काढायचे की जमिनीवर बसलेल्याच्या नजरेत नजर मिळावी. तीस वर्षं तेच बघितलेलं. हात त्याच वळणाने गेला. लॉर्डसाहेबांच्या पापण्या किंचित उतरल्या, बुबुळं खाली आली.

दादाने बघितलं आणि भडकला. "गणपती केलास गो त्याचा! मंत्री माणूस, असा जमिनीकडे बघतो? पूस ते."

मी पुतळ्यापुढे खाली बसून बघितलं. मग म्हटलं, "नाय पुसणार."

"उद्या बाई येतेय पुतळा न्यायला. नाय म्हणाली तर?"

"तर पुन्हा ब्रश मागणार नाय. घासकाम करीन फक्त."

"आखणीचं नावसुद्धा काढायचं नाय."

"नाय काढणार." बोलून गेले खरी, पण तेवढं एकच काम मला आयुष्यात मनापासून हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. साठीच्या, उंच, साध्या सुती कपड्यांत. पुतळ्यापुढे उभ्या राहिल्या, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. चेहरा उतरत गेला. भाचीला हळूच काहीतरी म्हणाल्या.

"आत्या, त्या म्हणतात चेहरा तोच आहे. पण नजर भेटत नाही. तशी ती कधी भेटलीच नाही, म्हणतात."

दादाच्या हातात ओला बोळा तयारच होता. तो पुढे सरकला.

मी खिडकीकडे गेले, आखणीचा पाट उचलला आणि पुतळ्यासमोर आणून मांडला. "गो, तो पाट..." दादा म्हणाला. मी ऐकलं नाही. बाईंना हाताने खूण केली, बसा. त्यांनी भाचीकडे बघितलं, मग गुडघ्यावर हात टेकत कशाबशा खाली बसल्या. आणि मान वर केली.

कारखान्यात वीसेक माणसं होती. सगळ्यांचे ब्रश थांबले. बाई तशाच वर बघत राहिल्या. डोळे वाहत होते आणि त्या पुसतही नव्हत्या. मग काही बोलल्या. भाचीने सांगितलं.

"त्या म्हणतात, कुत्र्याकडे बघायचे तसेच बघतायत."

पुतळा आम्ही पेंढ्यात बसवून, खोक्यात घालून दिला. जाताना बाईंनी माझे दोन्ही हात धरले, रंगाचे होते तसेच. घरी तो उंचावर ठेवणार आणि समोर बसायला एक बुटकं स्टूल ठेवणार, असं त्यांनी सांगितलं.

गाडी गेल्यावर दादाने पाट उचलला, कपड्याने पुसला आणि खिडकीजवळ त्याच्या जागी नेऊन ठेवला. वाटलं, झालं, आता बसेल. तो बाजूला उभा राहिला.

"बस," म्हणाला. "मोठ्या मूर्ती तशाच राहिल्यात."

मी बसले. तेव्हापासून आमच्याकडची आखणी माझी आहे. पाटावरून समोरच्या भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो दिसतो, चांगला उंचावर लावलेला. ते माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघतात. कितीदा सरकून बसले, मान वाकडी करून बघितली, नजर काही मिळत नाही. फोटोतले डोळे मला बदलता येत नाहीत, नाहीतर केव्हाच बदलले असते.